गाणारी काडेपेटी

आमच्या घरात गेले वर्षभर काडेपेटीएवढ्या एका वस्तूवरून जेवढा खल झाला, तेवढा माझ्या ताईच्या लग्नावरूनही झाला नव्हता. ताईच्या वेळी निदान मुलगा चांगला आहे यावर सगळ्यांचे एकमत होते. इथे मात्र घरात माणसे चार आणि मते पाच. पाचवे मत म्हणजे आत्याचे दुसरे मत.

वस्तू म्हणजे खिशात मावेल असा, गाणी वाजवणारा प्लेअर. आता तुम्ही म्हणाल, यात खल करण्यासारखे काय आहे? दुकानात जावे, पैसे मोजावेत, घेऊन यावा. मीही तसेच म्हणत होते. पण विकत घेणारी मी, ऐकणारी आत्या, आणि त्यात गाणी भरणारा आमचा संगणक लिनक्सवर चालणारा, असा हा त्रांगड्याचा मामला होता. तिघांनाही चालेल अशी वस्तू बाजारात सहजासहजी मिळत नाही, हे कळायला मला आठ महिने लागले.

आधी आत्याविषयी सांगते. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मिरजेत मुलींच्या एका शाळेत तिने ३१ वर्षे गाणे शिकवले. तिने लग्न केले नाही, आणि का केले नाही हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे राहायला आली ती दोन तंबोरे, एक पेटी आणि एक लोखंडी ट्रंक घेऊन. मिरज हे तंबोरे करणाऱ्यांचे गाव. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तिथेच राहिले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथल्या दर्ग्यात दर वर्षी गाणे होते. आत्या लहानपणापासून तिथल्या चटईवर बसून ऐकत आलेली. त्यामुळे ‘सांगलीत पाणी चांगले आहे, पण तंबोऱ्याला मानवत नाही’ असे ती आल्याच्या दिवसापासून म्हणते.

ट्रंकेत कॅसेटी होत्या. एकूण ११. १९८४ ते १९८७ या काळात आत्या दर गुरुवारी बुवांकडे तालमीला जात असे, तेव्हा केलेले हे ध्वनिमुद्रण. नऊ कॅसेटी तासाच्या, दोन दीड तासाच्या. बुवांची मैफल त्यात नाही. त्यात आहे फक्त शिकवणी. बुवा एक ओळ म्हणणार, आत्या ती म्हणणार, बुवा ‘अं हं’ म्हणणार, आत्या पुन्हा म्हणणार. मध्येच पानाचा डबा उघडल्याचा आवाज. बुवा जाऊन आता वीस वर्षे झाली. त्यांचे गाणे रेडिओवर फारसे झाले नाही, तबकडी तर निघालीच नाही. त्यांचा आवाज जगात कुठे असेल तर या ट्रंकेत.

आत्याला काचबिंदू आहे. या रोगात दृष्टी कडेकडेने जाते. ‘बांबूच्या नळीतून बघितल्यासारखं दिसतं’ असे ती म्हणायची. गेल्या दोन वर्षांत ती नळीही बारीक होत गेली. वाचन संपले, शिवण संपले, टीव्ही तिने कधी पाहिलाच नव्हता. राहिले गाणे. आणि नेमक्या त्याच सुमाराला आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरने चौथ्या कॅसेटची फीत गिळली. मी पेन्सिल घालून ती गुंडाळत होते आणि आत्या बाजूला बसून फक्त आवाज ऐकत होती. फीत कुठेशी चुरगळली की तसा बारीक आवाज येतो. तो आला की तिचा हात उगाच पदराकडे जायचा. शेवटी ती म्हणाली, “अगं, हे सगळं दुसऱ्या कशात तरी घालून दे मला. पण बघता न येणाऱ्या माणसाला वापरता येईल अशा कशात.”

हे शेवटचे वाक्य मी तेव्हा नीट ऐकले नाही.

संगणकाची गोष्ट थोडक्यात सांगते. तो बाबांनी एका कार्यालयाच्या लिलावातून आणलेला. त्याच्यात विंडोज ७ होते आणि त्याला कंपनीने जानेवारी २०२० पासून वाऱ्यावर सोडले. नवे विंडोज त्या बिचाऱ्याला झेपत नव्हते. सुरू केला की चहा होऊन कपबशा विसळून होत. आमच्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षातल्या सरांनी त्याच्यावर लिनक्स मिंट घालून दिले आणि म्हातारा टुणकन उठून बसला. मी कला शाखेची विद्यार्थिनी. लिनक्स हे काय प्रकरण आहे हे मला सरांनीच सांगितले. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन नावाच्या गृहस्थांनी जाहीर केले की, ज्याची वाच्यता करायला, ज्यात बदल करायला आणि जी दुसऱ्याला द्यायला कुणाची आडकाठी नाही अशी संगणक-व्यवस्था आपण उभी करायची. पुढे १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोर्व्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि लोकांसमोर ठेवला. २१ वर्षांचा! त्या वयात आम्ही वार्षिक अंकासाठी लेख लिहितो, तोही शेवटच्या तारखेनंतर देतो.

ध्वनिमुद्रण संगणकात घेणे मला वाटले होते त्यापेक्षा सोपे निघाले. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर संगणकाच्या मागच्या निळ्या भोकात, आणि ऑडॅसिटी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम. तासाची कॅसेट घ्यायला तास लागतो, एवढाच काय तो त्रास. दिवाळीची सुट्टी त्यात गेली. आत्या शेजारी बसून ऐकत असे. तिसरी कॅसेट लावली तेव्हा तिने पहिल्या मिनिटाला हात वर केला.

“थांबव. हा तंबोरा माझा नाही.”

“आत्या, कॅसेट तुझीच आहे. वर तुझं अक्षर आहे.”

“अक्षर असेल. माझा तंबोरा काळी चारवर लावलेला असायचा. हा पांढरी सहावर आहे. आणि बुवा असे घाईत बोलत नसत.”

मी पेटी काढली. खरेच, पांढरी सहा! बरोबर अर्ध्या सुराचा फरक. मग तिला आठवले की, त्या पावसाळ्यात टेपरेकॉर्डर सेलवर चालवला होता आणि सेल उतरत आले होते. यंत्र मंद चालले, फीत हळू सरकली. आज तीच फीत नीट चालणाऱ्या यंत्रावर लावली की भरभर जाते आणि सूर चढतो. ऑडॅसिटीत वेग बदलायची सोय आहे. मी तो साडेपाच टक्क्यांच्या जरा पुढे खाली आणला, आणि चाळीस वर्षांनी त्या गुरुवारचे सेल भरले गेले. बुवा आपल्या चालीने बोलायला लागले. आत्या काही बोलली नाही. तिने नुसती मान हलवली. बुवाही ‘बरोबर’ म्हणायच्या ऐवजी तशीच मान हलवीत असावेत.

अशी १२ तासांची तालीम संगणकात आली. आता ती त्याच्यातून बाहेर काढून आत्याच्या हातात द्यायची होती. इथून खरा वनवास सुरू झाला.

“एवढं कशाला? फोन आहे ना!” हे बाबांचे मत. लिनक्सचा अभिमान मला तेव्हा नुकताच चढला होता, त्यामुळे अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे हे मी त्यांना ऐकवले; पण त्याने आत्याचा प्रश्न सुटत नव्हता. फोन म्हणजे गुळगुळीत काच. आत्याने ती चाचपून बघितली आणि म्हणाली, “हिला नाक-डोळे कुठायत?” न दिसणाऱ्यांसाठी फोन बोलतो, ती सोयही आम्ही चालू करून पाहिली. अनेकांना तिचा उपयोग होत असणार. आत्याचे मात्र म्हणणे असे की, बुवा मारवा समजावून सांगत असताना मध्येच बॅटरी किती उरली हे सांगणारा माणूस तिला चालणार नाही. तेव्हा बटणे हवीत; बोटाला कळतील अशी, हे ठरले.

मी सांगलीतल्या एका दुकानातून २,२०० रुपयांचा प्लेअर आणला. दिसायला देखणा. घरी येऊन संगणकाला लावला. त्याची बॅटरी भरू लागली, पण संगणकाला तो दिसेना. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिले होते की, गाणी भरायला कंपनीचा प्रोग्रॅम लागेल, आणि तो विंडोज आणि मॅक यांच्यासाठीच मिळेल. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. दुकानदार अतिशय शांतपणे म्हणाले, “ताई, बिघाड प्लेअरमध्ये नाही. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. विंडोज टाकून घ्या.” जणू मी पाण्याची टाकी फुटली म्हणून घर बदलायचे! ३०० रुपये कापून घेऊन त्यांनी तो परत घेतला.

मग सरांकडे गेले. सरांनी जे सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण आम्हां कला शाखेच्या मंडळींना ग्रंथालय जवळचे. काही प्लेअर असे असतात की, ते संगणकाला लावले की पेनड्राइव्हसारखे सरळ उघडतात. कपाट समोर, किल्ली तुमच्या हातात. पुस्तक ठेवा, काढा. यांचे लिनक्सशी बिनसत नाही. दुसऱ्या प्रकारात कपाट आतल्या खोलीत, आणि तुम्ही खिडकीशी चिठ्ठी द्यायची. आतला माणूस ती वाचून पुस्तक ठेवतो किंवा काढून देतो. ही मायक्रोसॉफ्टची पद्धत, एमटीपी नावाची. लिनक्सवाल्यांनी या चिठ्ठीची भाषा शिकून घेतली आहे, पण आतला माणूस कधीकधी चिठ्ठी न वाचताच खिडकी लावून घेतो. आणि तिसरा प्रकार आयपॉडचा. ॲपलने तो २००१ मध्ये काढला. त्यात गाणी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये, निरर्थक चार-चार अक्षरांची नावे देऊन ठेवलेली असत. कोणते नाव म्हणजे कोणते गाणे, हे सांगणारी वही वेगळी, आणि ती वही लिहायची आयट्यून्सने. हे आयट्यून्स लिनक्ससाठी कधीच आले नाही. लिनक्सच्या लोकांनी ती वही वाचायला आणि लिहायलाही शिकून घेतले. तर २००७ च्या नव्या आयपॉडांमध्ये वहीच्या शेवटी एक गुप्त बेरीज आली. बेरीज चुकली की प्लेअर म्हणे, माझ्यात एकही गाणे नाही! ती बेरीजही मंडळींनी काही दिवसांत सोडवली. अखेर २०२२ मध्ये ॲपलने आयपॉडच बंद केला. हे सगळे ऐकताना मला एखादी कादंबरी वाचल्यासारखे वाटत होते, पण आत्याच्या हातात द्यायला अजून काही नव्हते.

दुसरा प्लेअर ६०० रुपयांचा. नाव-गाव नसलेला. पण लावल्याबरोबर उघडला! मी आनंदाने जुन्या फोनमधले ५१२ एमबीचे कार्ड त्यात घातले. आता १२ तासांचे मूळ ध्वनिमुद्रण साडेसात जीबीच्या आसपास भरत होते. तेव्हा मी त्याचे एमपी३ केले, तेही सेकंदाला ६४ किलोबिटचे, आणि सगळी तालीम साडेतीनशे एमबीत बसवली. स्वतःवर खूश झाले. नावे मी मराठीत दिली होती; पडद्यावर त्यांचे नुसते चौकोन दिसू लागले. पण आत्याला पडदा दिसतच नसल्यामुळे त्या चौकोनांचे दुःख माझे एकटीचे होते.

आत्याची दुःखे वेगळी निघाली. पहिले असे की, हा प्लेअर गाणी नावाप्रमाणे लावतच नसे. ज्या क्रमाने ती कार्डावर लिहिली गेली, त्या क्रमाने वाजवी. त्यामुळे नवव्या कॅसेटनंतर दुसरी, मग सहावी. दुसरे असे की, बंद केला की तो सगळे विसरे. पुन्हा चालू केला की पहिल्यापासून. पहिला होता यमन. आठ दिवस आमच्या घरात सकाळ, दुपार, संध्याकाळ फक्त यमन चालू होता. आई म्हणाली, “वन्सं, चांगला आहे, पण आता तो पाठ झाला मला.” आणि तिसरे दुःख आत्याने आठव्या दिवशी सांगितले. इतके दिवस ती मला वाईट वाटेल म्हणून गप्प होती.

“तंबोऱ्याला सर्दी झालीय.”

“म्हणजे?”

“जवारी गेलीय त्याची. तारेतून जो झणत्कार निघतो ना, तो पाण्याखालून आल्यासारखा येतोय. बुवा ठीक आहेत. पण तंबोरा गेला.”

मी वाद घातला. म्हटले, कॅसेटच जुनी आहे. मग खात्री करून घ्यायची म्हणून संगणकावरचे मूळ ध्वनिमुद्रण आणि हे एमपी३, दोन्ही न सांगता उलटसुलट लावून तिला ऐकवले. दहापैकी दहा वेळा तिने बरोबर ओळखले. एमपी३ लहान होते ते काही भाग टाकून देऊनच. माणसाच्या कानाला कळणार नाही असे वाटेल ते टाकायचे, हे त्याचे तत्त्व. आणि जितके लहान कराल, तितके ‘कळणार नाही’ याचा अर्थ ते सैल लावते. आत्याचा कान त्या हिशेबात धरलेला नव्हता. एमपी३ वर पेटंटेही होती. अमेरिकेतली शेवटची २०१७ मध्ये संपली, तोवर लिनक्सच्या काही मंडळींनी ते आपल्या व्यवस्थेत घालायचेच टाळले होते. त्यांनी आपल्यासाठी दुसरे प्रकार उभे केले. त्यांतला फ्लॅक हा प्रकार मला उपयोगी पडणार होता. तो काहीही टाकून देत नाही. नुसती घडी घालतो. लुगडे घडी करून ट्रंकेत ठेवले तरी उलगडल्यावर नऊवारच भरते, तसे. साडेसात जीबीचे चार जीबी झाले, आणि एकही तार हरवली नाही.

म्हणजे आता प्लेअर कसा हवा? बटणे असलेला, पेनड्राइव्हसारखा उघडणारा, फ्लॅक वाजवणारा, सोडले तिथून पुन्हा सुरू होणारा. आणि आत्याने शांतपणे आणखी एक अट घातली: कोणता राग लागणार आहे हे आधी तिला कळले पाहिजे. “दर वेळी तुला हाक मारायची नाही मला,” ती म्हणाली. तेव्हा मला तिचे ते पहिले वाक्य आठवले. मी आठ महिने लिनक्सला चालेल असा प्लेअर शोधत होते. तिने मागितला होता तो आत्याला चालेल असा.

ही तक्रार घेऊन मी पुन्हा सरांकडे गेले. त्यांनी टेबलाचा सगळ्यांत खालचा खण उघडला आणि त्यातून एक काळी, काडेपेटीएवढी डबी काढली. सॅनडिस्कची सान्सा क्लिप प्लस. २००९ च्या सुमाराची, त्यांच्या विद्यार्थिदशेतली. “बॅटरी आता पाच-सहा तासच चालते,” ते म्हणाले, “पण हिच्यात रॉकबॉक्स घालता येतं.”

रॉकबॉक्स ही या सगळ्या गोष्टीतली माझी सर्वांत आवडती जागा आहे, म्हणून इथे जरा थांबते. २००१ च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या काही मंडळींनी आर्कोस नावाचा प्लेअर घेतला होता. त्याच्या आतला प्रोग्रॅम त्यांना आवडला नाही. आपण असे झाले की कपाळावर हात मारतो किंवा दुकानदाराशी भांडतो. त्यांनी त्या यंत्रासाठी आपला स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पुढे जगभरचे लोक त्यात आले आणि तो इतर कितीतरी प्लेअरांवर, आयपॉडांवरसुद्धा, चालू लागला. कुणाला पगार नाही. आणि यात न दिसणाऱ्या माणसांचा विचार आहे: यादीत बोट खाली नेले की प्लेअर ते नाव बोलून दाखवतो. एवढेच नव्हे, प्रत्येक फोल्डरला आणि प्रत्येक गाण्याला तुम्ही आपल्या आवाजातले नाव चिकटवू शकता. मूळ कंपनीचा प्रोग्रॅमही आत शाबूत राहतो. डावे बटण दाबून चालू केले की जुना संसार, नाहीतर नवा.

सरांनी पैसे घेतले नाहीत. डबीच्या सेटिंगमध्ये एमटीपी काढून पेनड्राइव्हची पद्धत निवडली, एक फाइल आत ठेवली, वायर काढली. डबीने काही क्षण विचार केला आणि ती रॉकबॉक्स होऊन उठली. वायर काढताना माझा जीव किती खालीवर झाला म्हणून सांगू! मधे वीज गेली असती तर, असले सगळे विचार नेमके तेव्हा सुचतात.

नावे बोलायची म्हणून मी आधी संगणकाच्याच मराठी आवाजात करून पाहिली. तो आवाज ‘पूरिया धनाश्री’ असे म्हणे की, ती फलाट क्रमांक दोनवर येत आहे असे वाटावे. आत्या हसून हसून खोकायला लागली. मग म्हणाली, “आण तो माइक. मीच सांगते.” आणि एका दुपारी तिने ११ कॅसेटींची नावे सांगितली. ‘मुलतानी. कॅसेट दोन, पहिली बाजू.’ ‘ललत. कॅसेट पाच. हिच्यात कुत्रं भुंकतं.’ तिला एकेक बाजू तोंडपाठ होती. मधल्या बटणाभोवती चार दिशांची बटणे, बाजूला आवाजाची दोन. अर्ध्या तासात तिच्या बोटांना ती कळली. त्या रात्री तिच्या खोलीतून तिचाच आवाज येत होता, मग क्षणभर शांतता, मग बुवा.

इथे हा लेख संपवायला हरकत नव्हती. पण नंतर जे झाले ते टाळले तर मी तुमच्याशी खोटे वागल्यासारखे होईल.

चार दिवसांनी आत्याने विचारले, “ही डबी कुणीही कॉम्प्युटरला लावली, तर आतलं सगळं दिसतं?”

“सगळं!” मी अभिमानाने म्हटले. “कुलूप नाही, काही नाही. त्यासाठीच तर एवढी खटपट केली.”

“आणि काढूनही घेता येतं?”

“एका मिनिटात.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बुवांनी दोन वर्षं मला टेप लावू दिला नव्हता. तिसऱ्या वर्षी म्हणाले, लाव; पण ही तुझी शिदोरी आहे, बाजारात मांडू नकोस. मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण यातलं काही शिकवलं नाही.”

मी गार झाले. कारण यातली सातवी कॅसेट मी आधीच एका मैत्रिणीला पेनड्राइव्हवर दिली होती. ती युवा महोत्सवासाठी मारवा बसवत होती, आणि मला वाटले, चांगल्या गोष्टी वाटाव्यात. लिनक्सवाले हेच तर करतात! मला स्टॉलमनसाहेबांचे म्हणणे पाठ झाले होते, पण त्यांनी दिले ते स्वतःचे दिले होते, आणि मी आत्याचे दिले होते, हा फरक मला त्या क्षणापर्यंत दिसला नव्हता. मी आत्याला सगळे सांगितले. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती काहीच बोलली नाही. तीन दिवस डबी तंबोऱ्यापाशी तशीच पडून होती. तिच्या बॅटरीबद्दल कुणी विचारले नाही. बाबा एकदा म्हणाले, “अगं ताई, पोरीनं चांगल्या मनानं...” आणि आत्याने नुसता हात वर केला, तिसऱ्या कॅसेटच्या वेळी केला होता तसा.

चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिने एकदम विचारले, “ती मुलगी रिषभ कुठं लावते?”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“कॅसेट ऐकून मारवा येत नाही. तिला गुरुवारी आण. आणि तंबोऱ्याच्या तारा पुसून ठेव.”

गुरुवारी मैत्रीण आली. येताना तिने तो पेनड्राइव्ह आणला होता आणि आल्याआल्या तो टेबलावर ठेवला. आत्याला तो दिसत नव्हता, आणि त्याविषयी कुणीच काही बोलले नाही. आत्याने तिला गायला सांगितले. पहिल्याच रिषभावर थांबवले. पुन्हा म्हणायला लावले, पुन्हा थांबवले. मग तिने डबी हातात घेतली. अंगठ्याने दोन वेळा खाली, एकदा मधले बटण. ‘मारवा. कॅसेट सात, दुसरी बाजू,’ डबीतली आत्या म्हणाली. फितीची खरखर, तंबोरा, पानाच्या डब्याचे झाकण. मग २७ वर्षांच्या मुलीचा एक लांब रिषभ.

“पुन्हा,” बुवा म्हणाले.

माझ्या मैत्रिणीने दचकून सूर लावायला तोंड उघडले.

“तुला नाही,” आत्या म्हणाली. “मला म्हणतायत.”